रविवारी उतरलेला पट्टा

आमच्या घरी शनिवारी दिवस मावळला की चाकाचा पट्टा उतरतो. धार लावायचं माझं चाक पायाने चालतं. खाली पाय मारायची फळी, बाजूला मोठं लाकडी चाक, वर धारेचा गोल दगड, आणि चाक व दगड यांना जोडणारा चामड्याचा पट्टा. पट्टा नसेल तर पाय कितीही मारा, दगड जागचा हलत नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा, दुकानही त्यांचंच. ते म्हणायचे, देवाने सहा दिवसांत एवढं जग उरकलं आणि सातव्या दिवशी स्वस्थ बसला, तुझ्या कात्र्या काय त्याहून मोठ्या लागून गेल्या? ते गेल्यावर पट्ट्याचा ताबा बायकोने घेतला, कारण माझा भरवसा तिला नव्हता. ती स्वतः पट्टा उतरवायची, दारामागे क्रुसाखालच्या खिळ्याला अडकवायची, आणि सोमवारी सकाळी स्वतःच चढवायची. पंचवीस वर्षं मी त्यावरून कुरकुर केली.

मी तापट माणूस. तरुणपणी भर बाजारात एकाला एवढा बडवला होता की त्याचा डावा कान कायमचा गेला. चर्चला जायला लागलो तो बायकोमुळे, आणि तिथे टिकलो तोही तिच्याच धाकाने. विश्वास म्हणाल तर माझा माझ्या उजव्या अंगठ्यावर होता. पात्यावरून अंगठा आडवा फिरवला की डोळे मिटून सांगायचो, या सुरीने टोमॅटो कापला जाईल की नुसता चेंगरेल.

त्या रविवारी शहर पेटून आठवा दिवस होता. पुलाच्या वर आम्ही, पुलाखाली ते. वरच्यांचं आणि खालच्यांचं नेमकं कशावरून बिनसलं ते आता कोणालाच धड सांगता येणार नाही. पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या खाटकाचा धाकटा भाऊ खाली माल पोचवायला गेला आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटात बांधलेला सापडला. चेहरा राहिलाच नव्हता, खाटकाने त्याला बुटांवरून ओळखलं. तिसऱ्या दिवशी आमच्या वरच्या लोकांनी चौकातलं एक दुकान पेटवलं. ते दुकान खालच्या माणसाचं होतं, आणि तो आपल्या दोन मुलांसह आतच होता. शटर आतून बडवल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी उठून खिडकी लावून घेतली. माझ्या हातून झालेल्या पापांत हे मी सगळ्यात वर धरतो.

आणि माझी एकुलती एक लेक पुलाखाली दिलेली. जावई पावभट्टीवाला, पोर गरोदर, आठवा महिना. गुरुवारपासून तिचा फोन लागत नव्हता. पुलावर दोन्हीकडून लोक दगड घेऊन बसलेले, जाणार कसा? तीन रात्री मी छताकडे बघत काढल्या. शेजारी बायको मात्र प्रार्थना करून कुशीवर वळायची आणि घोरायला लागायची. शनिवारी पहाटे मला ते सहन झालं नाही. मी तिला गदागदा हलवून उठवलं आणि विचारलं, तुझी लेक तिकडे आहे की नाही, मग तुला झोप लागते कशी? ती म्हणाली, प्रभूसुद्धा वादळात नावेत उशीवर डोकं टेकून झोपला होता. मी म्हणालो, नाव दुसऱ्याची असली की कोणालाही झोप लागते.

"नाव दुसऱ्याची होती," ती म्हणाली, "पण समुद्र त्याच्या बापाचा होता." आणि पुन्हा झोपली. मी हात चोळत बसलो.

रविवारी सकाळी चर्चला कुलूप होतं. पाळकसाहेबांनी निरोप धाडला होता की ज्याने त्याने आपापल्या घरी उपासना करावी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. तिचं शेवटचं आमेन संपतंय तोच पुढच्या दारावर लाथ बसली.

खाटीक होता. मागे आठ-दहा माणसं, दोघांच्या खांद्यावर एक पोतं. पोतं माझ्या दुकानात आणून ओतलं तेव्हा फरशीचा टवका उडाला. एकतीस पाती. ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद कापून केलेली, हात-हातभर लांब, एका टोकाला मूठ म्हणून चिंध्या गुंडाळलेल्या. आकार तलवारीचा, पण धार एकालाही नाही, नुसत्या जाड कडा. वरच्या बाजूला धारेची दोन दुकानं होती, त्यातलं दुसरं बुधवारी जळलं होतं. उरलो मी.

खाटकाची आणि माझी ओळख वीस वर्षांची. त्याच्या सुऱ्या, सत्तूर, सगळं माझ्या हाताखालून जायचं. मला मिस्त्री म्हणायचा, बायकोला वहिनी. त्या दिवशी त्याचे डोळे लाल होते, दाढी वाढलेली, आणि शर्टाच्या बाह्यांवर वाळलेलं रक्त होतं. ते बकऱ्याचं नव्हतं, कारण त्याचं दुकान आठवडाभर बंद होतं.

"मिस्त्री, बारापर्यंत एकतीस," तो म्हणाला. "ऊन तापलं की ते आत झोपतात. तेव्हाच उतरायचं. तीन गल्ल्या साफ करायच्या."

माझी लेक तिसऱ्या गल्लीत राहते हे त्याला माहीत होतं. लग्नाला मटण त्यानेच पुरवलं होतं. मी तिचं नाव काढलं तर म्हणाला, तिला बाजूला काढू. कसं काढणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. त्याने दोन माणसं दारात बसवली आणि बाकीच्यांना घेऊन समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

माझं डोकं भराभर चालायला लागलं. पोलाद दगडावर जास्त दाबलं की तापतं, तापून निळं पडतं, आणि निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कणखरपणा, गेलं. दिसायला धार लखलखीत, पण दोन घाव घातले की कड वळते. धारवाल्याची सगळ्यात मोठी चूक ती हीच, शिकाऊ असताना मी तिच्यापायी मार खाल्लेला आहे. आता तीच चूक एकतीस वेळा मुद्दाम करायची. त्या एकतिसांत कोणाला कळणार? मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. दारामागे हात घातला तर खिळा रिकामा.

बायकोला आत ओढून मी कुजबुजत सगळा बेत सांगितला आणि पट्टा मागितला.

"आज रविवार आहे, अहो," ती म्हणाली.

मी तिला म्हणालो, अगं बये, रविवार पाळायची ही वेळ आहे का, मी त्यांची हत्यारं बाद करतोय, मदत नाही करत. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, निळ्या पात्याची कड किती घावांनी वळते? मी म्हणालो, दोन, फार तर तीन.

"म्हणजे एकतीस माणसांचे पहिले दोन-दोन घाव बसणारच," ती म्हणाली. "ते कोणाच्या लेकीवर?"

या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की माझा हात सुटतो. मी तिला विचारलं, मग काय करायचं ते तू सांग, पाती दिली नाहीत तर ते आपल्याला जिवंत ठेवणार आहेत का, आणि तुझा देव काय पूल उचलून ठेवणार आहे? ती म्हणाली, तो काय करेल ते त्याचं त्याला ठाऊक, मला माझ्यापुरतं ठाऊक आहे, आज चाक फिरणार नाही. मी तिला ढकललं. जोरात ढकललं. तिचं डोकं फडताळाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईवरून रक्ताची धार लागली. मी तिच्याकडे न बघता फडताळ उपसायला लागलो. डबे फोडले, गादी फाडली, चुलीतली राख उकरली. लेकीच्या बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांची गाठोडी होती, तीही सोडून विस्कटली. पट्टा कुठेच नव्हता. ती भिंतीला टेकून, भुवईवर फडकं दाबून बसली होती आणि हलक्या आवाजात प्रार्थना करत होती. प्रार्थना माझ्यासाठी चालली होती, ते ऐकून मला आणखी संताप आला.

आवाजाने खाटीक माणसं घेऊन आत आला. त्याला खरं काय ते समजायला वेळ लागला नाही. पट्टा नाही, म्हणजे चाक नाही, म्हणजे बारा वाजता हातात नुसत्या लोखंडाच्या फळ्या. त्यांच्यातल्या एका शहाण्याने चाकाला दोरी बांधून बघितली. दोन फेऱ्यांत दोरी घसरली आणि फळी त्याच्या नडगीवर बसली. अशा वेळीही मला हसू फुटलं. त्या हसण्याचं बक्षीस म्हणून लोखंडी सळी माझ्या बरगड्यांवर बसली, मग पाठीवर, मग गुडघ्याच्या मागे. मी खाली पडलो तेव्हा कोणीतरी तोंडावर बूट घातला. दोन दात जिभेवर आले, ते मी थुंकले. खाटकाने मग सगळ्यांना बाहेर हाकललं आणि दार लावून घेतलं. हे काम त्याला एकट्याला करायचं होतं.

माझ्या बाकड्याला शेगडा बसवलेला आहे. काम करताना वस्तू घट्ट पकडायला त्याचे दोन लोखंडी जबडे असतात, दांडा फिरवला की ते जवळ येतात. खाटकाने माझा उजवा अंगठा त्यात धरला आणि दांडा अर्धा फिरवला.

"वहिनी, पट्टा कुठाय?"

त्याने आणखी पाव फेरा दिला. नखाच्या कडेने रक्त वर आलं. मी ओरडलो. शूरपणाचं नाटक मला जमत नाही, मी गुरासारखा ओरडलो आणि तिला म्हणालो, दे, दे तो पट्टा, कुठे घातलायस तो दे. तिने एक हात स्वतःच्या कमरेवर दाबून धरला होता. मला एकदम कळलं. पट्टा तिच्या अंगावर होता. कपड्यांच्या आतून कमरेला गुंडाळलेला. मघाशी मी तिला ढकललं तेव्हा माझा हात त्याच्यावरूनच गेला असणार.

आता नुसतं बोटाने दाखवलं की सुटका होती. खाटीक माझ्याकडेच बघत होता. त्याने पुढचा पाव फेरा दिला आणि मी हिशेब करायला लागलो, जन्मभर केला तसा. सांगितलं तर काय, नाही सांगितलं तर काय, खोटं सांगितलं तर किती वेळ मिळेल, त्या वेळात काय करता येईल. एकेक हिशेब करत गेलो आणि एकेक संपत गेला. पोरीपर्यंत मी पोचू शकत नव्हतो. खाटकाला आवरू शकत नव्हतो. स्वतःचा अंगठा सोडवू शकत नव्हतो. माझ्याकडे काही म्हणता काही उरलं नाही. आणि तिथे, त्या शेगड्यात, मला बरं वाटलं. वेदना होती तशीच होती, पण तीन दिवस जे ओझं मी एकट्याने उचलून धरलं होतं ते खाली ठेवल्यासारखं झालं. देवा, मी मनात म्हणालो, पोर तुझी, तूच बघ. एवढीच प्रार्थना. त्याआधी पंचवीस वर्षं चर्चमध्ये ओठ हलवत होतो, ते सगळं धरत नाही.

"देऊ नकोस," मी बायकोला म्हणालो.

खाटकाने दांडा पूर्ण फिरवला. हाड फुटल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि कळ नंतर आली. मग बराच वेळ काहीच कळलं नाही.

भानावर आलो तेव्हा मी फरशीवर होतो आणि अंगठा सुटलेला होता. बायको तो दुपट्याने बांधत होती. खाटीक बाकड्याजवळ उभा होता, शेगड्याच्या जबड्यांना लागलेलं रक्त बघत. याच अंगठ्याने वीस वर्षं त्याच्या सुऱ्यांची धार पारखली होती. सात दिवस, तो म्हणाला, भावाला घरी आणल्यापासून डोळ्याला डोळा नाही. डोळे मिटले की बूट दिसतात. एकतीस जणांना तो हेच सांगत फिरत होता, की खाली उतरलो, उरकलं, की मग मी झोपेन.

बायकोने पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. तिच्या भुवईवरचं रक्त गालावर ओघळून वाळलं होतं. मला तर तो तांब्या त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला.

"भाऊजी, त्याने झोप येणार नाही," ती म्हणाली. "जरा इथे टेका."

तो पाणी प्यायला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसला, पाय लांब केले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. मान छातीवर पडली. थोड्या वेळाने आडवाच झाला, पात्यांच्या ढिगाशेजारी, आणि घोरायला लागला. घोरण्यात माझ्या बायकोला तोड सापडली.

तिने जाऊन पुढचं दार उघडलं आणि स्टूल घेऊन उंबऱ्यात बसली. बाहेरच्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, झोपलेत, सात दिवसांनी झोपलेत, उठवायचं असेल तर तुम्ही आत जाऊन उठवा. ते एकमेकांकडे बघायला लागले. खाटकाला झोपेतून उठवणाऱ्याची काय गत होते हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्याच्या सख्ख्या मेहुण्याच्या हनुवटीवर त्याची खूण आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? बारा वाजले. एक वाजला. कट्ट्यावर ऊन आलं. नुसत्या सळ्या घेऊन जाऊ म्हणणारा एकजण होता, पण पुढे व्हायला तोही तयार नव्हता. कोणाला भूक लागली, कोणाला घरून हाक आली. जेवून येतो म्हणून गेलेले परत आले नाहीत. त्या दिवशी पूल कोणी उतरलं नाही.

हे मी नंतर ऐकलं. मला एवढंच आठवतं की मी फरशीवरून तिला विचारलं, पोरीचं काय?

"माहीत नाही," ती पाठ न वळवता म्हणाली. "तुम्हीही झोपा आता."

खाटकाचं डोकं माझ्यापासून हातभरावर होतं. त्याच्या तोंडाचा वास येत होता. अंगठा ठणकत होता, बरगड्या श्वास घेऊ देत नव्हत्या, लेक जिवंत आहे की नाही याचा पत्ता नव्हता. आणि मी झोपलो. चार दिवसांत पहिल्यांदा, गाढ, संध्याकाळ होईपर्यंत.

उठलो तेव्हा तो गेला होता. पाती तशीच पडली होती.

लेकीचा निरोप गुरुवारी आला. मंगळवारी कुठल्यातरी भलत्याच टोळीने दुसऱ्या बाजूने येऊन त्यांची गल्ली पेटवली होती. भट्टी जळाली, जावयाचा हात भाजला, शेजारची म्हातारी गेली. पोर एका शाळेच्या वर्गात बाळंत झाली, आठव्या महिन्यातच, मुलगी. दोघी जिवंत. लोक मला म्हणतात, बघ, देवाने ऐकलं. ऐकलं असेल. म्हातारीच्या मुलाला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मला सांगता येतं ते एवढंच, की मी झोपलो तो रविवारी, गुरुवारी नव्हे.

अंगठा आता वाकत नाही. धार डाव्या हाताने पारखतो आणि पुष्कळदा चुकतो. ती एकतीस पाती मागच्या पडवीत गंजत पडली आहेत. पट्टा शनिवारी संध्याकाळी उतरतो, आता मीच उतरवतो.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर दार वाजलं. खाटीक एकटाच होता, दाढी केलेली. माझ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. बायकोला म्हणाला, वहिनी, घरी झोप लागत नाही. ती बाजूला झाली. तो आत येऊन त्याच भिंतीशी आडवा झाला आणि तासाभराने उठून न बोलता गेला. तेव्हापासून जवळपास दर रविवारी येतो. बायको त्याच्या डोक्याखाली उशी सरकवते, ते बघून माझा अजून तिळपापड होतो. मी बाकड्यावर बसतो, शेगड्याच्या शेजारी. हाताशी हातोडी असते. त्याला माफ कर म्हणून ती सांगते, पाळकसाहेब सांगतात, आणि मला ते अजून जमलेलं नाही. पण तो झोपलेला असताना दुकानात कोणी मोठ्याने बोललं, तर मीच त्याला गप्प करतो.